सहीच्या आधी: एव्हिएशन कॉलेजात विमान देखभाल अभियंता घडवताना

10 जून 1990. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन विमान 17,300 फुटांवर पोचलं आणि कॅप्टनसमोरची काच फ्रेममधून निखळून उडून गेली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय घट्ट धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन वाचले. ती काच उड्डाणाच्या 27 तास आधीच बदललेली होती. तिच्या 90 बोल्टांपैकी 84 जाडीला कमी होते, उरलेले 6 लांबीला. रात्रपाळीच्या देखभाल व्यवस्थापकाने काढलेला जुना बोल्ट हातात धरून, नजरेने जुळवून नवे बोल्ट निवडले होते. पार्ट्स कॅटलॉग उघडलाच नव्हता.

नव्या बॅचला मी पहिल्या दिवशी हीच घटना सांगतो. कारण काच बदलणारा माणूस अडाणी नव्हता, कामचुकारही नव्हता. अनुभवी होता, माणसं कमी होती म्हणून स्वतः काम अंगावर घेतलं होतं. त्याला बोल्ट आवळता येत होते. चुकलं ते आवळण्याच्या आधी, बोल्ट निवडताना.

इंजिन कसं चालतं हे शिकवणं त्या मानाने सोपं आहे. पुस्तकं आहेत, आकृत्या आहेत, मुलं हुशार असतात. अवघड आहे ते वेगळंच: आपल्याला माहीत आहे असं वाटत असतानाही कागद उघडायचा, आणि खात्री नसेल तर काम नीट झाल्याची सही न करता थांबायचं. ही सवय शेवटच्या सत्रात एखाद्या व्याख्यानातून लागत नाही. ती पहिल्या दिवसापासून हातात बसवावी लागते. ती कशी बसवायची, हे नव्याने शिकवायला लागलेल्या सहकाऱ्यांसाठी क्रमाने लिहितो आहे.

आधी लायसन्स समोर ठेवा, मग वेळापत्रक

बरीच कॉलेजं विषयांची यादी घेऊन बसतात आणि तास वाटतात. उलट करा. तुमचा विद्यार्थी शेवटी कोणत्या कामावर सही करणार आहे, तिथून मागे या.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या म्हणजे इकाओच्या पहिल्या परिशिष्टानुसार देखभाल लायसन्ससाठी वय किमान 18 लागतं आणि अनुभव 4 वर्षांचा. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केला असेल तर 2 वर्षांचा. म्हणजे कॉलेजचा अभ्यासक्रम 2 वर्षांच्या अनुभवाची जागा घेतो. ही मोठी सवलत आहे, आणि ती आपल्या वर्कशॉपच्या भरवशावर दिलेली आहे हे शिक्षकाने विसरू नये.

युरोपच्या पार्ट-66 या देखभाल लायसन्सच्या नियमांत वर्ग स्पष्ट आहेत. ए वर्ग लाइनवरच्या, म्हणजे उड्डाणांच्या दरम्यान होणाऱ्या छोट्या, ठरावीक कामांसाठी. बी-1 सांगाडा, इंजिन, यांत्रिक आणि विद्युत प्रणालींसाठी. बी-2 एव्हिऑनिक्ससाठी, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक प्रणालींसाठी. सी वर्ग बेस मेंटेनन्सनंतर, म्हणजे हँगरमधल्या मोठ्या देखभालीनंतर, संपूर्ण विमान सेवेत सोडण्यासाठी. टर्बाइन विमानांच्या बी-1.1 वर्गाचा मूलभूत अभ्यासक्रम 2,400 तासांचा असतो आणि त्यात 50 ते 60 टक्के सिद्धांत असतो. उरलेला वेळ हातांचा. ए-1 वर्गाला 800 तास, आणि तिथे सिद्धांत जेमतेम 30 ते 35 टक्के. अमेरिकेने 2022 मध्ये नियम बदलून 1,900 तासांची जुनी मोजणी सोडली. विद्यार्थ्याला काय येतं यावर तिथे आता भर आहे.

या आकड्यांतून घ्यायची गोष्ट एकच. वर्कशॉपचे तास ही ‘उरलेल्या वेळात’ करायची गोष्ट नाही. फळ्यावरचा विषय मागे पडला की पहिली कुऱ्हाड वर्कशॉपवर पडते, असं मी वारंवार पाहिलं आहे. तेव्हा वेळापत्रक लिहिताना आधी वर्कशॉप भरा, मग वर्ग.

प्रत्येक विषयाची पातळीही आधी बघा. पार्ट-66 मध्ये तीन पातळ्या आहेत: पहिलीत ओळख, दुसरीत सर्वसाधारण ज्ञान आणि ते वापरता येणं, तिसरीत सखोल ज्ञान आणि निष्कर्ष काढता येणं. एकच विषय ए वर्गाला पहिल्या पातळीवर आणि बी-1 ला तिसऱ्या पातळीवर असू शकतो. दोघांना एकाच वर्गात बसवून एकच टिपण वाचून दाखवणं म्हणजे एकाला कंटाळा आणि दुसऱ्याची उपासमार.

पहिले सहा आठवडे विमानाला हात नाही

मुलं विमानाच्या ओढीने येतात आणि आपण त्यांना कानस हातात देतो. नाराजी होते. होऊ द्या. पण कारण सांगा: चौरस कोपरा काढता येणं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वाचता येणं, एकच माप तिघांनी वेगवेगळं घेतलं तर खरं कोणतं हे ठरवता येणं, यावर पुढचं सगळं उभं राहतं.

या काळात सर्वांत आधी बसवायची ती हत्यारांची शिस्त. फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असावी, म्हणजे रिकामी जागा लांबून दिसते. काम सुरू करताना मोजणी, संपवताना मोजणी, दोन्ही लेखी. एखादा सॉकेट कमी भरला तर कुणी घरी जायचं नाही. विसरलेलं हत्यार पंख्याच्या पात्यांत किंवा कंट्रोल केबलच्या पुलीत जाऊन बसू शकतं, आणि वर्कशॉपमध्ये “उद्या बघू” म्हणणारा विद्यार्थी हँगरमध्येही तेच म्हणणार.

मी महिन्यातून एकदा स्वतःच एक हत्यार गुपचूप उचलून ठेवतो. किती वेळात लक्षात येतं, कोण आधी सांगतं, कोण दुसऱ्याच्या पेटीतून उसनं आणून मोजणी पूर्ण करतं, हे पाहण्यासारखं असतं. उसनं आणून भरणाऱ्याशी त्याच दिवशी, पण एकट्याशी बोला.

याच आठवड्यांत धोक्याच्या वस्तूंची ओळख होऊन जाऊ दे. मोठ्या विमानांच्या हायड्रॉलिक प्रणालीत साधारण 3,000 पीएसआय दाब असतो. बारीक छिद्रातून येणारी धार कातडी भेदून आत शिरते, म्हणून गळती हाताने चाचपायची नाही. स्कायड्रॉलसारखं फॉस्फेट एस्टरचं द्रव डोळ्यांची आणि कातडीची आग करतं. टायरमध्ये नायट्रोजन भरताना पिंजरा लागतो. हे नियम भिंतीवर चिकटवून भागत नाही. त्यामागचं कारण मुलाच्या तोंडून वदवून घ्या.

लॉकवायर, टॉर्क, रिव्हेट

या तीन कामांवर मी जितका वेळ देतो तितका कोणी देत नाही, अशी तक्रार सहकारी करतात. तरीही तिथे रेंगाळावंच, कारण मूल घाई करतं की काळजी घेतं ते इथेच दिसतं.

लॉकवायर म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार. ती बांधणं दिसायला सोपं आहे. तार नेहमी बोल्टला आवळण्याच्या दिशेने ओढेल अशीच फिरली पाहिजे. उलट बांधलेली तार सुबक दिसते, पण सैल होणाऱ्या बोल्टला ती मदतच करते. 0.032 इंच जाडीच्या तारेला इंचाला 6 ते 8 पीळ हवेत. कमी असले तर ती ढिली राहते, जास्त पिळली तर ठिसूळ होऊन तुटते. शेवटचं टोक आत वळवायचं, नाहीतर पुढच्या माणसाचा हात फाटतो. काढलेली तार पुन्हा वापरायची नाही. सराव असा घ्या: आधी समोरासमोर बसवलेले दोन बोल्ट, मग तीन, मग असे तीन की जिथे हात पोचतो पण नजर पोचत नाही आणि आरशात बघून बांधावं लागतं. विमानात बहुतेक वेळा हीच परिस्थिती असते.

टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला जातो ते दाखवणारी रेंच, हातात देण्याआधी विद्यार्थ्याला तिच्यावरची कॅलिब्रेशनची (अचूकतेच्या तपासणीची) तारीख वाचायला लावा. तारीख उलटलेली एक रेंच मुद्दाम रॅकवर ठेवा, तिच्यावर काही लिहू नका. मग गणित घ्या. रेंचला सरळ रेषेत जोडतुकडा लावला की लांबी वाढते आणि डायलवरचा आकडा बदलावा लागतो. सूत्र असं: हवा असलेला टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच आणि जोडतुकडा यांची एकत्रित लांबी. नटला 100 इंच-पौंड द्यायचे आहेत, रेंच 10 इंचांची आणि जोडतुकडा 2.5 इंचांचा, तर रेंच 80 वर लावायची. 100 वरच ठेवली तर नटवर 125 पडतात. हे कागदावर सोडवून थांबू नका. दुसरी रेंच किंवा टॉर्क मीटर लावून प्रत्यक्ष 125 दाखवा. त्यानंतर जोडतुकडा काटकोनात लावून पुन्हा दाखवा, की आता दुरुस्ती लागत नाही. डोळ्याने पाहिलेलं सूत्र परीक्षेनंतर विसरत नाही.

आणि एक प्रश्न कायम विचारत जा: मॅन्युअलमधला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी आहे की वंगण लावलेल्या? आकडा तोच, पण वंगणाने घर्षण कमी होऊन बोल्टवर ताण कितीतरी जास्त येतो. हे कळलेला मुलगा पुढे नुसता आकडा वाचणार नाही, त्याच्या वरचं वाक्यही वाचेल.

रिव्हेट म्हणजे पत्रे जोडायला ठोकून बसवायची धातूची खीळ. रिव्हेटिंगला मापं ठरलेली आहेत. रिव्हेटचा व्यास आपण ‘डी’ म्हणू. पत्र्यातून बाहेर राहणारा भाग 1.5 डी. ठोकल्यावर तयार झालेलं डोकं 1.5 डी रुंद, 0.5 डी उंच. पत्र्याच्या कडेपासून अंतर किमान 2 डी. 1/8 इंची रिव्हेटला 30 नंबरचं ड्रिल. एक जण गन धरतो, दुसरा मागून बकिंग बार, म्हणजे रिव्हेटच्या टोकाला टेकवायचा जड धातूचा ठोकळा. दोघांची जोडी मुद्दाम बदलत राहा, कारण मागच्याने बार तिरका धरला तर पुढच्याला ते दिसत नाही. बोलूनच काम करावं लागतं. बिघडलेला रिव्हेट ज्याने ठोकला त्यानेच ड्रिल करून काढायचा. छिद्र मोठं न करता काढणं हे ठोकण्याहून अवघड कसब आहे.

रिव्हेटच्या ओळींचं महत्त्व सांगताना जपान एअरलाइन्सच्या 123 क्रमांकाच्या उड्डाणाबद्दल मी बोलतो. 1978 मध्ये त्या 747 ची शेपूट धावपट्टीवर घासली होती. मागच्या प्रेशर बल्कहेडच्या, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब अडवणाऱ्या भिंतीच्या, दुरुस्तीत जोडपट्टी एकसंध बसायला हवी होती, ती दोन तुकड्यांत बसली. त्यामुळे जिथे रिव्हेटच्या दोन ओळींनी भार पेलायचा तिथे तो एकाच ओळीवर आला. विमान पुढे सात वर्षं उडत राहिलं. 12 ऑगस्ट 1985 ला बल्कहेड फाटलं आणि 520 माणसं गेली. हे सांगून झाल्यावर मी काही बोलत नाही. मुलांना त्यांच्या समोरच्या पत्र्याकडे परत पाठवतो.

मॅन्युअल वाचणं हा वेगळा विषय आहे

अभ्यासक्रमात ‘मॅन्युअल वाचन’ नावाचा विषय बहुधा नसतो. तो तुम्ही निर्माण करा. आठवड्यात निदान दोन तास.

आधी एटीए क्रमांक, म्हणजे मॅन्युअलमधल्या प्रत्येक प्रणालीचे ठरलेले प्रकरण-क्रमांक, तोंडपाठ होऊ द्यात: 24 विद्युत, 27 फ्लाइट कंट्रोल, 28 इंधन, 29 हायड्रॉलिक, 32 लँडिंग गिअर, 72 इंजिन. मग कोणतं पुस्तक कशासाठी ते शिकवा. काम कसं करायचं ते मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये. कोणता भाग लागतो ते इलस्ट्रेटेड पार्ट्स कॅटलॉगमध्ये. सांगाड्याची किती इजा चालते आणि ती कशी दुरुस्त करायची ते स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलमध्ये. तारा वायरिंग डायग्राममध्ये. वन-इलेव्हनच्या काचेची घटना इथे पुन्हा काढा. त्या रात्री कोणतं पुस्तक उघडायला हवं होतं, हे आता मुलं स्वतः सांगतील.

खरी मेख आहे ती इफेक्टिव्हिटीची, म्हणजे मॅन्युअलमधली सूचना कोणत्या विमानाला लागू आहे याची. तेच मॉडेल, पण अमुक सीरियल नंबरपर्यंत एक पद्धत आणि पुढे दुसरी. 24 ऑगस्ट 2001 ला एअर ट्रान्सॅटच्या 236 क्रमांकाच्या उड्डाणात ए-330 चं इंधन अटलांटिकवर संपलं. काही दिवसांपूर्वी बदललेल्या इंजिनावर आधीच्या आणि नंतरच्या रचनेचे भाग एकत्र आले होते. हायड्रॉलिक नळी आणि इंधननळी यांत पुरेसं अंतर राहिलं नाही, घासून घासून इंधननळी फाटली. दोन्ही इंजिनं बंद पडलेलं ते विमान तरंगत अझोरेसमधल्या लाजेस तळावर उतरलं आणि 306 जण वाचले. प्रत्येक भाग आपापल्या जागी निर्दोष होता. एकमेकांशी ते जुळत नव्हते.

यावर बेतलेला सराव असा. विद्यार्थ्याला टास्क कार्ड, म्हणजे कामाच्या पायऱ्यांचा कागद, द्या, विमानाचा सीरियल नंबर द्या, आणि टेबलावर मॅन्युअलच्या दोन प्रती ठेवा, त्यातली एक जुन्या आवृत्तीची. काम काहीच अवघड देऊ नका, एखादा फिल्टर बदलणं पुरे. गुण फिल्टरला नाहीत. आवृत्ती तपासली का, इफेक्टिव्हिटी पाहिली का, वॉर्निंग आणि कॉशन या धोक्याच्या सूचना काम सुरू करण्याआधी वाचल्या का, याला आहेत. पहिल्या वेळी अर्धा वर्ग सरळ पान उघडून फिल्टरला हात घालतो.

भाषेबद्दल मला ठाम मत मांडायचं आहे. संकल्पना मातृभाषेत समजावा, अगदी मोकळेपणाने. विभेदक दाब म्हणजे काय हे मुलाला स्वतःच्या भाषेत उमगलं तर ते पक्कं बसतं. पण मॅन्युअल इंग्रजीच राहणार, त्यामुळे ते भाषांतर करून देऊ नका. मॅन्युअलची इंग्रजी ही साहित्यातली इंग्रजी नाही. एएसडी-एसटीई 100 या मानकानुसार ती मुद्दाम सोपी ठेवलेली असते: ठरावीक शब्द, शब्दाला शक्यतो एकच अर्थ, छोटी वाक्यं. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलाला हे सांगितलं की त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. शंभर-दीडशे क्रियापदांची वही करून घ्या. दोन महिन्यांत फरक दिसतो.

दोष शोधणं

इथे शिक्षकाचा हात आखडता हवा. दोष शोधायला दिला की गप्प बसा.

एक साधा बोर्ड तयार करा: 28 व्होल्ट डीसी, सर्किट ब्रेकर, स्विच, दोन कनेक्टर, रिले (विजेने चालणारा स्विच), दिवा, अर्थिंग. कुठेतरी तुम्ही खंड पाडून ठेवलेला. मुलं पहिल्यांदा दिवा बदलतात, मग रिले बदलतात. हँगरमध्येही हेच होतं, फक्त तिथे रिलेऐवजी महागडा बॉक्स बदलला जातो आणि दुरुस्तीशाळेतून तो ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येतो.

त्यांना अर्ध्यात तोडण्याची रीत शिकवा. सर्किटच्या मधोमध मोजा. व्होल्टेज आहे? मग अलीकडचा भाग ठीक, दोष पलीकडे. नाही? दोष अलीकडे. उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. आठ ठिकाणं असतील तर तीन मोजण्यांत तुम्ही दोषापाशी पोचता. चकवणारी एक गोष्ट मात्र हाताने करून घ्या: बाकी मार्ग अखंड असताना तुटलेल्या ठिकाणाच्या दोन टोकांना मीटर लावला तर तो शून्य दाखवत नाही, पूर्ण 28 व्होल्ट दाखवतो. हे पाहून गोंधळलेला चेहरा दिसला की समजावं, आता शिक्षण सुरू झालं.

मोजण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं: मला इथे काय दिसेल असं वाटतं आणि का. अंदाजपंचे प्रोब फिरवणं त्याने थांबतं.

नजर तयार करणं

28 एप्रिल 1988. अलोहा एअरलाइन्सचं 737-200, 24,000 फुटांवर असताना केबिनच्या छताचा सुमारे 18 फूट लांबीचा भाग उडून गेला. एक हवाई सेविका गेली. विमानाची 89,680 उड्डाणं झालेली होती आणि रिव्हेटच्या रांगेत थकव्याच्या बारीक भेगा एकमेकींना मिळत गेल्या होत्या. त्या दिवशी विमानात चढताना एका प्रवासी महिलेला दाराजवळ भेग दिसली होती. ती कुणाला बोलली नाही. तिची चूक काढायचं कारण नाही. पण जी भेग प्रवाशाला दिसली ती आपल्या विद्यार्थ्याला दिसेल का, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारायलाच हवा.

कॉलेजच्या जुन्या सांगाड्यावर 20 दोष पेरा. सैल रिव्हेट, त्याच्या मागे काळपट धुराची शेपटी. गंजाने फुगलेला रंग. घासलेली केबल. नसलेली कॉटर पिन. नळीवर नखाएवढा चरा. जागा आणि वेळ ठरवून द्या. टॉर्चचा झोत पत्र्याला समांतर, तिरका धरायला शिकवा, म्हणजे उंचवटे सावली टाकतात. सरळ झोतात ते दडून राहतात. आधी पुसा, मग बघा. सापडलेले दोष मोजा, आणि ‘दोष’ म्हणून लिहिलेले निर्दोष भागही मोजा. दोन्ही आकडे त्याच्या वहीत. दर महिन्याला दोष बदला, आणि एखाद्या वेळी एकही पेरू नका. ‘काही आढळलं नाही’ असं लिहिण्याचंही धैर्य लागतं.

डाय पेनिट्रंट, एडी करंट, अल्ट्रासॉनिक, मॅग्नेटिक पार्टिकल या, भाग न मोडता भेगा शोधणाऱ्या तपासण्यांची प्रात्यक्षिकं करा, पण मूलभूत अभ्यासक्रमात त्यांचा तज्ज्ञ होणार नाही. कोणती पद्धत कुठे चालत नाही एवढं पक्कं असलं तरी पुष्कळ. उदाहरणार्थ, मॅग्नेटिक पार्टिकल ॲल्युमिनियमवर व्यर्थ.

अर्धवट काम दुसऱ्याच्या हाती

पाळीबदल हा विषय व्याख्यानात दहा मिनिटांत संपतो. माझ्या मते त्याला पूर्ण आठवडा द्यावा.

11 सप्टेंबर 1991 ला कॉन्टिनेंटल एक्स्प्रेसचं एम्ब्रेअर 120 टेक्सासमध्ये कोसळलं, 14 जण गेले. आदल्या रात्री आडव्या शेपटीच्या पुढच्या कडेवर काम चाललं होतं. संध्याकाळच्या पाळीने दोन्ही बाजूंचे वरचे स्क्रू काढले. पुढच्या पाळीने उजवी बाजू पूर्ण केली. डावीकडचे 47 स्क्रू काढले आहेत हे कागदावर कुठेच नव्हतं. तोंडी निरोप अर्धवट पोचला होता.

सराव: पहिल्या गटाला लँडिंग गिअरच्या एखाद्या भागाचं काम द्या आणि ते नेमकं अडचणीच्या जागी असताना घंटा वाजवा. पंधरा मिनिटं फक्त लिहिण्यासाठी. काय काढलं, काय उघडं आहे, कोणता बोल्ट नुसता हाताने लावला आहे, कोणतं हत्यार कुठे आहे. गट बाहेर. दुसरा गट आत येतो, त्याला फक्त कागद मिळतो. पहिल्या प्रयत्नात दुसरा गट हमखास अडतो. मग दोन्ही गट समोरासमोर बसून तोच कागद दुरुस्त करतात. पुढच्या वेळी तोंडी बोलण्याचीही मुभा द्या, म्हणजे लेखी आणि तोंडी दोन्ही लागतं हे त्यांना स्वतःलाच कळतं.

याच आठवड्यात तात्पुरत्या गोष्टींचा नियम घालून द्या. विमानाला जे काही तात्पुरतं लावाल, झाकण, टेप, पिन, त्याची नोंद लावण्याच्या क्षणी करायची, काढताना आठवेल म्हणून सोडायचं नाही. 2 ऑक्टोबर 1996 ला लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या 757 च्या स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे उंची-वेग मोजायला बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवर, धुण्या-पुसण्याच्या वेळी लावलेली टेप तशीच राहिली होती. रात्र होती, खाली समुद्र. उंची आणि वेग सांगणाऱ्या उपकरणांवर वैमानिकांना विश्वास ठेवता आला नाही. 70 जण गेले.

नाही म्हणण्याचा सराव

ह्यूमन फॅक्टर्स, म्हणजे माणसाकडून चुका का होतात हे, शिकवताना गॉर्डन ड्यूपाँट यांची ‘डर्टी डझन’ यादी सगळीकडे वापरतात. कॅनडाच्या वाहतूक खात्यात असताना, 1993 मध्ये त्यांनी ती मांडली: संवादाचा अभाव, गाफीलपणा, थकवा, दडपण, ठाम न बोलणं, अशी बारा कारणं. यादी उत्तम आहे. पण मुलं ती पाठ करून गुण मिळवतात आणि वर्कशॉपमध्ये तीच चूक करतात.

म्हणून ती वेगळा विषय म्हणून संपवू नका, प्रत्येक प्रात्यक्षिकात मिसळा. आणि प्रसंग उभे करा. एक शिक्षक घाईत येतो: “विमान थांबलंय, काम झालेलंच आहे, तू फक्त सही कर.” मुलाने मोठ्या माणसाला, आपल्याच शिक्षकाला, उत्तर द्यायचं आहे. भिडस्त मुलं इथे घामाघूम होतात. त्यांना वाक्य तयार करून द्या: “मी हे काम पाहिलेलं नाही, म्हणून सही करू शकत नाही. उघडून दाखवलंत तर तपासतो.” नम्र, छोटं, कारणासहित. दहादा म्हणवून घ्या. परीक्षेत येत नाही म्हणून हा वेळ वाया गेला असं समजू नका.

चुकांबाबत कॉलेजची रीत एकच असावी आणि ती सर्वांना माहीत असावी. जो येऊन सांगतो, “सर, बोल्टची आटी बिघडली माझ्याकडून,” त्याचे गुण कापायचे नाहीत. त्याच्यासोबत बसून दुरुस्ती करायची. जो न केलेल्या तपासणीवर टिक करतो, त्याचं ते प्रात्यक्षिक शून्य, काम कितीही सुबक असो. या दोन गोष्टींत शिक्षकांमध्ये मतभेद दिसला की मुलं ताबडतोब ओळखतात.

हँगर, वही आणि परीक्षा

खऱ्या हँगरमध्ये पाठवताना विद्यार्थ्याला प्रेक्षक म्हणून पाठवू नका. त्याच्या वहीत कामांची यादी आधीच असावी, वेगवेगळ्या एटीए प्रकरणांतली. प्रत्येक नोंदीत तारीख, विमान, मॅन्युअलचा संदर्भ, स्वतः काय केलं आणि फक्त काय पाहिलं हे वेगळं. ‘मदत केली’ हा शब्द मी खोडतो. कशात मदत केली? टॉर्च धरला की बेअरिंग बसवलं? दोन्ही सन्मानाचं आहे, पण एकच नाही.

लेखी परीक्षेबाबत फारसं सांगायला नको. पार्ट-66 मध्ये तीन पर्यायांचे प्रश्न, प्रश्नाला सरासरी 75 सेकंद, उत्तीर्ण व्हायला 75 टक्के. प्रश्नसंच घोकून मुलं पास होतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्याला उपाय म्हणून कॉलेजच्या चाचण्यांत ‘तुझं उत्तर मॅन्युअलमधून किंवा आकृतीवरून सिद्ध कर’ अशी तोंडी फेरी ठेवा.

वर्गात 28 पेक्षा जास्त आणि वर्कशॉपमध्ये एका शिक्षकामागे 15 पेक्षा जास्त विद्यार्थी नकोत, असं युरोपचे पार्ट-147 चे, म्हणजे प्रशिक्षण संस्थांसाठीचे, निकष सांगतात. माझा अनुभव असा की रिव्हेटिंग आणि दोषशोधात 15 ही जास्तच होतात. शक्य तिथे आठ-दहावर या. शिक्षकांनाही दर दोन वर्षांत 35 तासांचं अद्ययावत प्रशिक्षण अपेक्षित आहे. ते खुर्चीत बसून पुरं करू नका, हँगरमध्ये जा. आपण शिकलो तेव्हाचं विमान आणि मुलांच्या वाट्याला येणारं विमान यात कंपोझिट सांगाड्यापासून डेटा बसपर्यंत बरंच अंतर पडलेलं असतं.

शेवटचं प्रात्यक्षिक मी असं घेतो. काम साधं, एका पंपाची जोडणी. टास्क कार्ड बरोबर, मॅन्युअल ताजं, भाग नवे. फक्त सीलचा पार्ट नंबर कॅटलॉगपेक्षा एका अक्षराने वेगळा आणि वेळ दीड तास. सील अगदी नीट बसतं, गळतही नाही. जो पंप बसवून सही करतो तो पुन्हा परीक्षेला बसतो. जो सील टेबलावर ठेवून, कार्डावर कारण लिहून, सहीची चौकट रिकामी सोडून माझ्याकडे येतो, त्याचा मी हात हातात घेतो. गेल्या खेपेला एक मुलगी विसाव्या मिनिटालाच आली. बाकीची मुलं स्पॅनर फिरवत होती. ती म्हणाली, “सर, नंबर जुळत नाही. मी थांबले आहे.”